दोन कुलपांचं कपाट

१

कपाट उघडलं आणि आत अंथरलेल्या वर्तमानपत्राशिवाय काही नव्हतं.

धरमसिंग शेठ हातात झेंडूचा हार घेऊन उभे होते. हार दिवंगत पत्नी बिजलीबाईंच्या फोटोला घालायचा, मग त्यांच्या नावानं आणलेली लाकडी खेळणी मुलांसमोर मांडायची आणि पुण्यतिथी साजरी करायची, असा बेत होता. हत्ती, बैलगाडी, एकात एक बसणारी डबडी, रंगीत ठोकळे, सगळं पुण्याहून खास मागवलेलं. त्यातलं एकही जागेवर नव्हतं. कपाटाला दोन कुलपं होती. दोन्ही शाबूत होती आणि दोन्ही आत्ताच माझ्या डोळ्यांदेखत किल्लीनं उघडली होती.

"चोरी!" शेठ ओरडले. "माह्या बिजलीच्या नावावर चोरी!"

शेठच्या दिग्रसमधल्या कापूस-जिनिंगच्या आवारातली ही बालवाडी सरकार आणि शेठचा ट्रस्ट मिळून चालवत. जुनं गोदाम, खेळणी आणि शिकवायला उमेरा हे ट्रस्टचं. सेविका रुखमाबाई आणि दुपारची खिचडी हे सरकारचं. दारावर पाट्याही दोन. सरकारच्या पाटीवर अंगणवाडी, ट्रस्टच्या पाटीवर बालवाडी. मुलं तिला शाळा म्हणत आणि दोन्ही पाट्यांवर चिखलाचे हात पुसत. मी दीपा, ट्रस्टची समन्वयक. समन्वय म्हणजे सरकारचा राग ट्रस्टला कळवायचा, ट्रस्टचा सरकारला, आणि बोलणी मात्र दोन्हीकडची आपण खायची.

कुलपंही या भागीदारीतूनच आलेली. खेळण्यांवर हक्क कोणाचा यावर महिनाभर पत्रापत्री झाली आणि करारात कलम पडलं की कपाटाला दोन कुलपं राहतील. एक किल्ली रुखमाबाईकडं, एक उमेराकडं. फक्त शनिवारी दोघींनी मिळून कपाट उघडायचं, मुलांना खेळणी लांबून दाखवायची, परत ठेवायची. काही मोडलं तर जबाबदार बाईला घरी बसवायचं. असली कलमं लिहिणाऱ्या माणसांना एक दिवस तीस पोरांच्या खोलीत कोंडायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"संध्याकाळपर्यंत चोर सापडला पाह्यजे," शेठ म्हणाले. "नाई तर पोलीस बोलावतो. अन् मी सही करत नाई. उद्यापासून इथं सरकीची पोती लागतीन."

सही म्हणजे पुढच्या तीन वर्षांच्या कराराची. तो कागद विमलताईंच्या पिशवीत होता. विमलताई सरकारकडून आलेल्या मुख्यसेविका, कळंबच्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि रुखमाबाईकडं पाहिलं.

रुखमाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचं कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, जिनिंग आठवड्यातले निम्मे दिवस बंद असे, आणि घरोघरच्या बाया मिळेल त्या वावरात वेचणीला जात. बालवाडी नव्हती तेव्हा त्यांची पोरं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसत, फवारणीच्या डब्यांच्या शेजारी. रुखमाबाईचा नातू विक्की तसल्याच एका डब्यातून पाणी प्याला होता. वाचला, पण तिनं तेव्हापासून धसका घेतला. गोदामात सरकी भरली तर ही तीस पोरं उद्या सकाळी पुन्हा धुऱ्यावर जाणार होती.

तोच रुखमाबाईनं हात उचलला आणि उमेराकडं बोट केलं.

"इनंच चोरले," ती म्हणाली.

२

विमलताईंनी आधी सगळ्यांना पाणी पाजलं. ही त्यांची पद्धत. तापलेल्या माणसाला त्या प्रश्न विचारत नाहीत. शेठला जिनिंगच्या ऑफिसात बसवून आल्या आणि मला म्हणाल्या, "पोलीस आले तर दोघींपैकी एक आत जाईल अन् शाळा बंद पडेल. चल, आपणच पाहू."

रुखमाबाई ओसरीवर उद्याच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती. बोटं तांदळात होती, पण जीभ मोकळी.

"काल चोरले तिनं," ती म्हणाली. "काल दुपारून पोरं गेल्यावर उमेरा एकटीच मागं थांबली. मी माह्या डोयानं पाह्यलं. कपाटापाशी खुडबुड करून राह्यली होती."

"तुझ्या कुलपाची किल्ली?"

"माह्या कमरेले. पण तिचा काय भरोसा, ताई? करून घेतली असन दुसरी."

"तुमचं दोघींचं बोलणं नाही म्हणे."

"कायले बोलू? ट्रस्टची मोठी मास्तरीण थे! मी खिचडीवाली."

हे खरं होतं. या दोघींचं भांडण सगळ्या दिग्रसला माहीत होतं. दर शनिवारी मी गेले की एक पूर्वेकडं तोंड करून बसलेली आणि दुसरी पश्चिमेकडं. निरोपसुद्धा मुलांच्या मार्फत चालत.

उमेरा आत फळ्यापाशी होती. लाकूडकाम करणाऱ्या कय्युम खरादीची धाकटी बहीण, बी.ए. झालेली, पोरीत तिखटपणा ठासून भरलेला.

"मी कशाला चोरू? त्यांनीच नेलं," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी. मी आले तर रुखमाबाई आधीच येऊन बसलेल्या. कपाटाजवळ. मला बघून दचकल्या. मी तेव्हाच म्हणणार होते, पण म्हटलं मोठं माणूस आहे, जाऊ द्या."

"सोमवारी सकाळी? नक्की?"

"नक्की. अल्ला कसम..." इथं ती थांबली, ओठ चावला. "म्हणजे, नक्कीच."

बाहेर येऊन विमलताई चक्क हसल्या. मला राग आला. इथं शाळेवर पाणी सोडायची वेळ आणि बाई हसतात!

"ताई, मला तर वाटतं यात बिजागरीची भानगड आहे," मी म्हटलं. "कुलपं शाबूत म्हणजे दार मागून काढलं. आणि हे कपाट बनवलं कोणी? कय्युमनं. त्याचं दुकान फाटकाला लागून. बहीण आत कामाला. आणखी काय पाहिजे?"

ताईंनी कपाटाच्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं. स्क्रूच्या खाचांत पहिल्या दिवशीचा रंग जसाच्या तसा भरलेला होता. पेचकस तिथं कधी लागलाच नव्हता.

"बिजागरी नाही," त्या म्हणाल्या. "पण कय्युमकडं जाऊ आपण. आधी मला सांग, तू दर शनिवारी खेळणी पाहायचीस. कशी होती?"

"चांगली होती. रंग जरा उडाला होता, पण आपल्या इथल्या उन्हात कशाचा रंग टिकतो?"

विमलताईंनी माझ्याकडं पाहिलं.

"बंद कपाटात ऊन कुठून गेलं गं?"

३

मुलांना एव्हाना खिचडी मिळाली होती. विमलताई त्यांच्या पंगतीत मांडी घालून बसल्या आणि आपली ताटली पुढं करून खिचडी मागितली. मी अशी बाई पाहिली नाही. साहेबाच्या मीटिंगमध्येही त्या अशाच बसतात.

शेजारी साद होता, चार वर्षांचा, नाकाचा शेंडा पिवळा झालेला.

"साद, कपाटात काय काय होतं रे?"

"हत्ती."

"कसा होता हत्ती?"

"पाण्यात टाकला का उलटा होते," साद म्हणाला. "पाय वर."

पलीकडची एक चिमुरडी म्हणाली, "बैलगाडी नाई होत. गाडी सरकी तरंगते." म्हणजे सरळ तरंगते. मग खोलीत वाद पेटला. ठोकळे तरंगतात की नाही, लाल तरंगतो की निळाही, यावर सगळ्यांची ठाम मतं होती. विमलताई गंभीरपणे एकेकाचं ऐकून घेत होत्या. फळ्यापाशी उमेराच्या हातातून डस्टर पडलं. ओसरीवर रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला.

लांबून दाखवलेला हत्ती पाण्यात उलटा होतो हे चार वर्षांच्या पोराला कसं कळलं, हे मला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

फाटकावर रामधन चौकीदार. त्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही असं तो स्वतः सांगतो.

"फाटकातून काहीच नाई गेलं, मॅडम," तो म्हणाला. "मी पिशव्या पाहतो, गाठोडी पाहतो. शेठचा हुकूम आहे. मागच्या साली कापूस चोरीले गेल्ता, तेव्हापासून."

"खिचडीचा गंज, ते मोठं पातेलं?"

"थो तर रोज येते-जाते. रुखमाबाईच्या घरी बचत गटाच्या बाया खिचडी शिजवतात. सकायी ती भरला गंज डोक्यावर आणते, दुपारून रिकामा घेऊन जाते. त्यात काय पाहाचं?"

"एकटीच आणते? भरलेला?"

"हो जी. लय ताकदीची बाई."

"आणि रिकामा नेतानाही एकटीच असते?"

"एकटीच. फक्त शनिवारी..." रामधन हसला. "शनिवारी मले लय साजरं वाटलं. दोघी दोन कड्या धरून गंज नेऊन राह्यल्या होत्या. एका बाजूनं रुखमाबाई, एका बाजूनं उमेरा. वरून फडकं झाकलं. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं भांडण मिटलं."

विमलताई थबकल्या. मीही थबकले. भरलेला गंज एकटी डोक्यावर आणणारी बाई रिकामा गंज न्यायला दुसरीचा हात घेते?

कय्युमचं दुकान फाटकाच्या भिंतीला लागून. त्याच्या खरादीवर खाटांचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी होतात. तो उंबऱ्यातच येऊन उभा राहिला, दार अर्धं ओढून.

"सलाम, ताई. आत पसारा हाय. इथंच बोला ना."

"धंदा कसा काय, कय्युमभाई?"

"कायचा धंदा? कापूस घरात पडून हाय, लग्नं पुढं ढकलली लोकांनी. दोन महिन्यांत एक खाट नाई विकली. मशीन बंदच हाय."

"मग नखं हिरवी कशानं झाली?"

कय्युमनं हात मागं घेतला. आतून ताज्या रंगाचा वास येत होता. विमलताईंनी दाराला हात लावला, आणि कय्युम आडवा झाला.

"ताई, हात जोडतो. दार उघडू नका. दोन बायांचं घर बसन."

४

विमलताईंनी दार उघडलं नाही. मागं वळल्या आणि जिनिंगच्या कट्ट्यावर बसल्या. रुखमाबाई आणि उमेरा दोघींनाही बोलावून घेतलं. त्या आल्या. नेहमीसारखी एक पूर्वेकडं, एक पश्चिमेकडं.

"आता पुरे करा," विमलताई म्हणाल्या. "तुमचं भांडण खोटं आहे."

दोघीही एकदम बोलायला लागल्या. ताईंनी हात वर केला.

"उमेरा, तू म्हणालीस रुखमाबाईनं सोमवारी सकाळी खेळणी नेली. सोमवारी सकाळी माझी मीटिंग होती. रुखमाबाई माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसून डुलक्या घेत होती. तुला हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या दिवशी शाळा तू एकटीनं सांभाळलीस."

उमेरानं मान खाली घातली.

"आणि रुखमाबाई, तू म्हणालीस उमेरानं काल दुपारी चोरली. दीपा, काल उमेरा कुठं होती?"

मी कपाळावर हात मारला. "यवतमाळला! नानीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रजेवर सही मीच केली."

"त्या नानीसाठी भाकरीचा डबा कोणी बांधून दिला असेल, ते मी विचारत नाही," ताई म्हणाल्या. रुखमाबाईचे डोळे भरून आले. "दोघी एकमेकींवर आळ घेतात आणि बरोबर तोच दिवस निवडतात ज्या दिवशी दुसरी निर्दोष ठरेल. साक्षीदार तरी कोण? सरकारच्या बाईला सरकारची मुख्यसेविका. ट्रस्टच्या बाईला ट्रस्टची समन्वयक. ज्या खरा राग धरतात त्या असे आरोप करत नाहीत. तुम्ही आळ घेत नव्हता, एकमेकींना सोडवत होता."

मला इतकं भरून आलं की मी उगाच रुमाल शोधायला लागले.

"मावशी," उमेरा रुखमाबाईला म्हणाली. तेवढं एकच, पण तिनं असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग सगळं बाहेर आलं. पहिल्या शनिवारी खेळणी दाखवून कपाट लावलं तेव्हा मुलं इतकी रडली की दोघींच्यानं ते पाहवलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी दोन्ही किल्ल्या लागल्या. तेव्हापासून रोज लागत होत्या. दोघींची गट्टी आहे हे कळलं असतं तर कपाट रोज उघडतं याचा संशय आला असता, म्हणून भांडण. दोन किल्ल्या वेगळ्या हातांत असल्या की कपाट सुरक्षित, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यासाठी ते रोज रंगवलं जात होतं.

"रंग उडाले, शेपटी मोडली," रुखमाबाई म्हणाली. "शुक्रवारी शेठजी येणार असं कागदावर होतं. म्हटलं कय्युमभाऊ रंगवून देतीन, गुरुवारी जागच्या जागी ठेवू. पण शेठजी आज बुधवारीच आले."

ते असे आले कारण कागद मी काढला होता आणि मी तारीख लिहिली होती. शेठनी सकाळी पंचांग उघडलं, तर बायकोची तिथी आजच निघाली, आणि विमलताईंना अन् मला फोन करून बोलावून घेतलं. सरकार तारखेनं चालतं, शेठ तिथीनं, आणि मधल्या दोन दिवसांत या बाया सापडल्या.

"मग तेव्हाच सांगायचं होतं ना!" मी म्हटलं.

"काय सांगू? मोडलं तर बाई घरी, असं लिवलं हाय. एक नाई, दोघी जाऊ," रुखमाबाई म्हणाली. "अन् मंग पोरं कुठी जातीन?"

आणि नेमकी तीच अडचण होती. खरं सांगितलं तर करार मोडला म्हणून दोघी जाणार. नाही सांगितलं तर पोलीस येणार. विमलताई बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या. ऑफिसच्या दारात शेठ उभे राहिले होते. त्यांनी रामधनला हाक मारली, "ठाण्यात फोन लाव रे!"

"शेठजी," विमलताई उठल्या. "फोन मग करा. आधी माझ्यासोबत चला."

५

कय्युमनं दार उघडलं. आत फळ्यांवर खेळणी ओळीनं वाळत होती. हिरवा हत्ती, निळी डबडी, ठोकळे. शेठ उंबऱ्यात थांबले.

विमलताईंनी काहीही लपवलं नाही. रोज लागणाऱ्या किल्ल्या, पाण्यातला हत्ती, गंज, रंग, सगळं सांगितलं. शेठचा चेहरा दगडासारखा होत गेला.

"म्हणजे करार मोडला," ते म्हणाले.

"मीच मोडला, शेठजी," उमेरा पुढं आली. "मावशींना मी भरीला घातलं."

"खोटं बोलून राह्यली थे," रुखमाबाईनं तिला मागं ओढलं. "लेकरू हाय. माह्या डोक्यातली गोष्ट. मले काढा."

शेठ फळीपाशी गेले. सगळ्यात शेवटी बैलगाडी होती, तिला रंग लावलेला नव्हता. त्यांनी ती उचलली. कय्युम घाईनं म्हणाला, "थे राह्यली, शेठजी. दात निघून नाई राह्यले. घासलं तर लाकूडच संपते."

"कायचे दात?"

"वेचणीवाल्या बाया धाकटं पोरगंही ठेवून जातात," उमेरा हळूच म्हणाली. "दात येतात तेव्हा ते काहीतरी चावायला मागतं. बैलगाडीच्या चाकाची कड त्यांना बरोबर तोंडात मावते."

शेठनी चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. बारीक बारीक खाचा होत्या, जवळजवळ, एकावर एक, कित्येक पोरांच्या. त्यांनी अंगठा पुन्हा तिथंच आणला.

मी शेठकडं चार वर्षं काम करत होते. तांड्यावरून पायी येऊन दुसऱ्याच्या जिनिंगमध्ये हमाली केलेला आणि मग स्वतःचं जिनिंग उभारलेला माणूस. त्यांना मूल नव्हतं हे मला ठाऊक होतं. ते त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

"आमच्या घरात," शेठ म्हणाले, "लाकडाले असे दात कधी लागले नाई."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. कय्युमनं स्टूल पुढं केलं, पण ते बसले नाहीत.

"बिजलीनं दरवाजाच्या चौकटीवर कधी रंग लावू दिला नाई मले," ते थोड्या वेळानं म्हणाले. "म्हणे, पोट्टे झाल्यावर खराब होईन, तेव्हाच लावू. अन् मी तिच्या नावाचे खेळणे कुलपात ठेवून राह्यलो." त्यांनी बैलगाडी कय्युमकडं दिली. "याले रंगवू नको."

विमलताईंनी संधी सोडली नाही. त्यांनी पिशवीतून कराराचा कागद काढला आणि खरादीच्या फळीवर पसरला. शेठनी पेन घेतलं, कपाटाचं कलम शोधलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. मग सही केली.

"असं खोडता येत नाही, शेठजी," विमलताई म्हणाल्या. "दुरुस्ती वर पाठवावी लागते. मंजूर व्हायला सहा महिने जातात."

"पाठवा. तवर उघडं राह्यन."

"तसं चालेल," ताई म्हणाल्या. उघडं ठेवायला मंजुरी लागते असं कुठं लिहिलेलं नाही.

शेठनी खेळणी वाळायची वाट पाहिली नाही. रुखमाबाई आणि उमेरानं ती ओली तशीच गंजात भरली आणि कड्या धरून नेली. या वेळी रामधननं स्वतः फाटक उघडून धरलं. पुण्यतिथीचं भाषण शेठच्या खिशातच राहिलं. ते धोतर सावरत मुलांच्या चटईवर बसले, त्यांना नीट बसता येत नव्हतं, आणि सादनं त्यांच्या मांडीवर ओला हत्ती ठेवला. पांढऱ्या धोतरावर हत्तीचे चार हिरवे पाय उमटले. रामधन फडकं घेऊन धावला.

"राहू दे," शेठ म्हणाले. "याले पाण्यात टाकला का उलटा होते म्हणे. एक बादली आण."

वेचणीवरून बाया परतल्या तेव्हा ऊन कलतं होतं. लुगड्यांना कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या चिकटलेल्या, पाठी वाकलेल्या. त्या दारात येऊन थांबल्या. आत जिनिंगचा मालक बाह्या सरसावून बादलीवर वाकला होता आणि त्यांची पोरं त्याच्या खांद्यावरून आत डोकावत होती. घरी चुली पेटायच्या होत्या. तरी बराच वेळ कोणीच आपलं पोर उचललं नाही.